काझ डोंबेकची बाजू

काझ डोंबेक कुणाला "तुझं बरोबर आहे" असं म्हणाल्याचं हार्लन्स बेंड गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा तेव्हा फोरमनशी वाद, युनियनमध्ये गेला तर अध्यक्षाशी वाद, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबाबांशी वाद. कारखाना कायमचा बंद झाला त्या दिवशी सगळे गेटापाशी मान खाली घालून उभे होते, आणि हा गडी पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता की कुलूप उलटं लावलंय. त्याची बायको बर्नाडीन म्हणायची, "हा स्वर्गाच्या दारातच संत पीटरशी भांडत बसेल आणि मला आत एकटीला जेवावं लागेल."

प्रत्यक्षात तीच आधी गेली. शेवटचं तिला हॉस्पिटलात नेताना ती म्हणाली होती, "पुलावरून घे ना, तो रस्ता जवळचा." काझने नदीकाठचा रस्ता धरला आणि तोच कसा जवळचा, हे वाटभर तिला पटवत राहिला. रस्त्यामुळे काही बिघडलं नव्हतं, डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं. तरी त्या रस्त्याने गाडी न्यायची वेळ आली की काझला तिचं ते वाक्य आठवायचं. हो म्हणायला आपल्या बापाचं काय जात होतं, असं तो स्वतःलाच विचारायचा.

ती गेल्यावर तो घराबाहेर पडेनासा झाला. लोक सूप घेऊन यायचे, हात हातात घेऊन बसायचे, निघून जायचे. एमिल हुदाक मात्र रिकाम्या हाताने यायचा, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसायचा आणि सांत्वनाचा एक शब्द न काढता म्हणायचा, "मॅझेरॉस्कीसारखा सेकंड बेसमन बेसबॉलमध्ये पुन्हा होणे नाही." पहिले काही दिवस काझने कानावरून जाऊ दिलं. मग एका सकाळी त्याच्याच्याने राहवेना. "तुझ्या मॅझेरॉस्कीला बॅट धरता येत होती का रे?" असं तो ओरडला, आणि एमिलने पहिल्यांदा त्या घरात कॉफी मागितली.

दोघं तरुणपणी कारखान्याच्या बेसबॉल संघात खेळलेले. एमिल सेकंड बेसमन, काझ शॉर्टस्टॉप. मैदानात दुसऱ्या बेसच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरा. बेस एकच आणि माणसं दोन, तेव्हा चेंडूमागे एक धावला की बेस दुसऱ्याने राखायचा. सांगायचं नाही, विचारायचं नाही, बघायचंही नाही. एमिल पाठमोरा चेंडू फेकायचा, कारण काझ बेसवर असणारच हे त्याला ठाऊक असायचं. मैदानावर त्यांच्यात कधी चूक झाली नाही, आणि मैदानाबाहेर कधी एकमत झालं नाही.

अग्निशमन दलाच्या हॉलमधलं हिवाळ्याचं टेबल एमिलनेच सुरू केलं होतं. मोसम संपून बर्फ पडायला लागलं की गावात करण्यासारखं काही उरायचं नाही, मग हीटरजवळच्या लांब टेबलाशी म्हातारे जमायचे आणि सर्वांत मोठा खेळाडू कोण यावर भांडायचे. बाकीच्या गावांत सगळ्याच खेळाडूंवरून भांडत. इथे फक्त सेकंड बेसमनवरून, कारण एमिल म्हणायचा की बाकीच्या जागा कुणीही खेळेल. एमिलचा मॅझेरॉस्की, तर काझचा जुन्या काळातला हॉर्न्सबी. टेबलाला नियम एकच होता: कुणी कुणाला मान डोलवायची नाही. ज्याच्या तोंडून "पटलं बुवा" निघेल, त्याने मोसमाचा पहिला सामना होईपर्यंत सगळ्यांना कॉफी आणून द्यायची. टिब्स नावाच्या जुन्या सोबत्याने एकदा आणली होती, पाद्रीबाबांनीसुद्धा आणली होती. एमिल तर दोनदा सापडला होता. काझला कॉफीच्या त्या तोटीवाल्या भांड्याचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं हेही माहीत नव्हतं.

नव्व्याण्णव सालच्या ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, एका सोमवारी, एमिलची मुलगी पॉलेट कोलंबसहून आली आणि आधी बापाकडे न जाता काझच्या दारात उभी राहिली. काझने तिला पाळण्यापासून पाहिलेली. तिचा चेहरा बघूनच तो समजला.

"काका, खरं सांगा," कोट न काढताच ती म्हणाली. "बाबांचं कधीपासून असं होतंय?"

"कसं होतंय?"

"शेजारच्या बाईंचा फोन आला होता. गॅसवर भांडं जळून कोळसा झालं आणि बाबा शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. आणि मागच्या आठवड्यात पोलिसांना ते नदीपलीकडे सापडले, बंद कारखान्याच्या गेटाशी. गाडीत बसून होते. मांडीवर जेवणाचा डबा. पाळीची वेळ झाली, गेट का उघडत नाही, असं त्या पोलीस पोराला विचारत होते."

काझला हे माहीत होतं. याहून जास्त माहीत होतं. एमिल टेबलाशी कधीकधी टिब्सला टिब्सच्याच मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचा, आणि टिब्स त्या नावाला ओ द्यायचा. सगळे मूग गिळून बसले होते.

"टेबलाशी ये," काझ म्हणाला. "तिथे बघ त्याला. सगळ्यांना पुरून उरतो अजून."

पॉलेटने कोटाची बटणं सोडली. मग म्हणाली, "ठीक आहे. शुक्रवारी मी टेबलाशी बसते. बाबा नेहमीसारखे भांडले तर राहू दे त्यांना इथे. मी दुपारी येऊन जाणारी बाई बघते, गॅस काढून टाकते. पण नाही भांडले, तर शनिवारी सकाळी ते माझ्याबरोबर कोलंबसला येतील. घर नंतर बघू. आणि काका, त्यांच्यासाठी मुद्दाम हरायचं नाही हं."

"मी? हरायचं?" काझ हसला. "अगं, तुझ्या आईच्या लग्नातसुद्धा मी केकवरून भांडलो होतो."

ती गेल्यावर मात्र त्याला खुर्चीत बसावंसं वाटेना. एमिल गेला की टेबल गेलं, हे तर झालंच. पण त्याहून पुढचं त्याला दिसत होतं. अनोळखी गावात, अनोळखी खिडकीशी बसलेला एमिल, आणि मॅझेरॉस्कीचं नाव काढलं तर हसून मान डोलावणारी नर्स. माणूस भांडणाशिवाय कसा आक्रसतो हे काझने स्वतःच्या अंगावर काढलेलं होतं. 

गुरुवारी त्याने टिब्सला गाठलं. लामार टिब्स कारखान्यात भट्टीवर होता, आता बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात गात असे, आणि टेबलाशी जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूची बाजू लढवत असे.

"नवं काही काढायचं नाही," काझने बजावलं. "दरवर्षीचीच भांडणं, दरवर्षीच्याच क्रमाने. त्याला उत्तरं पाठ आहेत. आपण चेंडू त्याच्या हातातच टाकायचा."

"आणि त्याच्या हातातून सुटला तर?"

"नाही सुटायचा."

"काझ, मुलगी आहे ती त्याची. तिला फसवायचं?"

"फसवायचं कोण म्हणतंय? मी म्हणतोय, नेहमीसारखं भांडायचं."

टिब्सने नकारार्थी मान हलवली. पण तो येणार हे काझला कळलं.

शुक्रवारी हॉल माणसांनी भरला होता. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून अख्खं गाव तिथे तळलेला मासा खायला यायचं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वांडा ताटांचे नंबर पुकारत होती. एमिल इस्त्रीचा शर्ट घालून आला. केस ओले करून विंचरले होते. ते त्याने स्वतः विंचरले की पॉलेटने, याचाच काझ विचार करत राहिला. पॉलेट बापाच्या शेजारी बसली, पुढ्यात लोण्यात परतलेल्या कोबी-नूडल्सची बशी, पण तिचा काटा हलत नव्हता.

काझने घसा साफ केला. "आज मॅझेरॉस्कीचं नाव काढू नका कुणी. माशाची चव जाते."

हे त्याचं दर वर्षीचं पहिलं वाक्य होतं. एमिलने मान वर केली. क्षणभर त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. मग ओठाचा कोपरा वर गेला.

"तुझ्या हॉर्न्सबीला उंच उडालेला चेंडू झेलता येत नव्हता," एमिल म्हणाला. "तो मासा तरी काय झेलणार!"

टेबल हसलं. काझने श्वास सोडला.

"झेलायला ठेवलंच नव्हतं त्याला! मारायला ठेवलं होतं!"

"मग बाकावर बसवायचं. सेकंड बेसवर कशाला? तिथे काम असतं." एमिलने मिठाची बाटली ओढून टेबलाच्या मध्ये ठेवली. हा त्याचा बेस. दोन बोटं उभी केली, हे त्याचे पाय. "हे बघ पॉले. धावणारा येतोय. बुटांना खालून लोखंडी दाते, आणि ते पुढे करून घसरत येतोय. तू बेसवर पाय रोवून चेंडूची वाट बघितलीस तर नडगी गेलीच म्हणून समज. मग काय करायचं? चेंडू हातात येता येता पाय हळूच काढून घ्यायचा. असा." बोटं बाटलीवरून अलगद सरकली. "पंचाला दिसतं बरं का! पाय बेसवर नव्हता हे त्याला ढळढळीत दिसतं. पण आसपास होता ना? मग आऊट. कानाडोळा करायचा. माणसाचे पाय शाबूत राहावेत म्हणून सगळ्यांनी मिळून केलेली सोय आहे ती. आणि मॅझेरॉस्कीला तिचीही गरज पडायची नाही, एवढे त्याचे हात चपळ. चेंडू त्याच्या हातात यायचाच नाही, हाताला लागून पुढे जायचा. एका चेंडूत दोघं बाद, असे सतराशे सहा डबल प्ले. जा, मोडून दाखव."

आवाज खणखणीत होता. काझला वाटलं, टेबलावर चढून ओरडावं की बघ, बघ ह्या माणसाला.

टिब्स ठरल्याप्रमाणे मध्ये पडला. "तुम्ही दोघे गोऱ्यांचीच वरात काढा. हॉर्न्सबीच्या काळात काळ्या पिचरांना दारातच अडवलं होतं. अर्ध्या देशाने त्याला चेंडू टाकलाच नाही. घरातल्या घरात पत्ते खेळून राजा झाला तुमचा हॉर्न्सबी. रॉबिन्सन सगळ्यांविरुद्ध खेळला, आणि अर्धं मैदान शिव्या घालत असताना खेळला."

"पहिल्या वर्षी तो सेकंड बेसवर नव्हताच!" काझ म्हणाला. "फर्स्ट बेसवर होता!"

"जिथे उभं राहू दिलं तिथे उभा राहिला. आणि तिथेही तुमच्या बापांना ऐकला नाही."

"माझ्या बापाला बेसबॉल कळतच नव्हता," एमिल म्हणाला. "तो म्हणायचा, ही काठी घेऊन पोरं गाय शोधतायत का?"

सगळे खदखदून हसले, पॉलेटसुद्धा. तिच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरल्यासारखा झाला. आणि त्याच वेळी तिने काटा खाली ठेवून विचारलं, "बाबा, जो मॉर्गनचं काय मग?"

हे ठरलेलं नव्हतं. जो मॉर्गनची बाजू टेबलाशी कुणी घेत नसे. त्याची बाजू घेणारा माणूस दोन हिवाळ्यांपूर्वी वारला होता. काझने टिब्सकडे पाहिलं, टिब्सने बशीकडे.

 एमिलची बोटं मिठाच्या बाटलीवर फिरत होती. "मॉर्गन," तो म्हणाला. "मॉर्गन." वांडाने दोन नंबर पुकारले तरी त्याचं तेवढंच चाललं होतं. काझने टेबलाखाली मुठी आवळल्या. मग एमिलचं डावं कोपर आपोआप हलायला लागलं, वरखाली, वरखाली.

"कोंबडी!" तो ओरडला. "बॅट धरून कोंबडीसारखं कोपर फडफडवायचा! छोटासा होता, पण काय खेळायचा! सलग दोन वर्षं सबंध लीगमध्ये पहिला. पण पोरी, सिनसिनाटीचा तो. सिनसिनाटीवाल्याचं कौतुक ह्या घरात होणार नाही."

"हे घर नाही बाबा, हॉल आहे."

"तेच ते."

पॉलेट हसली. त्या हसण्यात काझला पॉलेटची शनिवारची गाडी एमिलशिवायच कोलंबसला परत जाताना दिसली. जमलं, असं त्याला वाटलं. आणि वाटलं म्हणून तो थोडा सैल सुटला. टेबलावर मूठ आपटून त्याने आपलं सगळ्यात मोठं हत्यार काढलं, ज्यावर एमिल नेहमी म्हणायचा की सरासरीने कुणी डबल प्ले करत नाही.

"चोवीस साली चारशे चोवीस! ह्या शतकात एवढी सरासरी काढणारा दुसरा सेकंड बेसमन आणून दाखवा, मग बोला!"

तशी ती शतकाच्या सुरुवातीला लाजवे नावाच्या सेकंड बेसमननेही एकदा काढली होती, अगदी दोन जास्तच, पण हे वाक्य त्याने मुद्दामच असं चुकीचं ठेवलेलं होतं, कारण एमिलला ते दर वर्षी आधी दुरुस्त करायला आवडायचं.

एमिलचे डोळे चमकले. "तर काय!" तो म्हणाला. "चारशे चोवीस! आणि डोळे बिघडतील म्हणून तो माणूस सिनेमाला जायचा नाही. पेपर वाचायचा नाही. हिवाळ्यात खिडकीशी बसून वसंताची वाट बघायचा. ह्याला म्हणतात खेळाडू! हॉर्न्सबीपुढे कुणाचं नाव काढता? मॅझेरॉस्कीचं? त्याला बॅट तरी धरता येत होती का?"

टेबल थिजलं. टिब्सचा घास हातातच राहिला. शब्द न् शब्द काझचा होता, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला, आणि तो एमिलच्या तोंडून बाहेर पडत होता. एमिल उत्साहाने सगळ्यांकडे बघत होता, कुणी उलटून का बोलत नाही म्हणून.

काझने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. बेस रिकामा दिसला आणि तो धावला.

"ए हुदाक!" त्याने मिठाची बाटली स्वतःकडे ओढली. "मॅझेरॉस्कीला, खाणकामगाराच्या पोराला, नावं ठेवायची नाहीत! सरासरीने डबल प्ले होतो का रे? सतराशे सहा! मोडून दाखव!"

"काका," पॉलेट हळूच म्हणाली, "मॅझेरॉस्की बाबांचा."

"यंदा आम्ही बाजू बदलल्यात. सांगितलं नाही का तुला ह्याने? तेच तेच बोलून कंटाळा आला. हो ना टिब्स?"

टिब्सने डोळे मिटले आणि उघडले. "हिवाळा लागला तेव्हाच," तो म्हणाला. ईश्वराच्या सेवेतल्या माणसाने एवढं खोटं बोलणं सोपं नव्हतं.

मग काझ बोलत सुटला. एमिलची बाजू त्याला त्याच्या स्वतःच्या बाजूइतकीच पाठ होती. शत्रूचं म्हणणं एवढी वर्षं ऐकलं की ते रक्तात उतरतं. त्याने दोन बोटं बाटलीवर नाचवली, पाय काढून घेतला. चपळ हात, छोटासा जुना हातमोजा, अजून हॉल ऑफ फेममध्ये न घेण्याचा नतद्रष्टपणा, एकही मुद्दा त्याने सोडला नाही. घाम फुटला होता, आवाज चढला होता. बोलता बोलता त्याला जाणवलं की हे सगळं पटण्यासारखं आहे, आणि त्याला एमिलचा भयंकर राग आला, की लेका, एवढं चांगलं बोलत होतास तर आज का विसरलास.

"आणि साठ सालची ती दुपार!" तो म्हणाला. "अजिंक्यपदाचा शेवटचा सामना, शेवटचा डाव, यांकीज संघाने बरोबरी साधलेली, आणि मॅझेरॉस्कीने चेंडू भिंतीपलीकडे घालवला! आम्ही पाळीवर होतो पॉलेट. रेडिओ क्रेनच्या शिडीला टांगलेला. अख्खा कारखाना नाचत होता, आणि तुझ्या बापाने डोक्यावरचं हेल्मेट काढून उकळत्या पोलादात फेकलं—"

तो थांबला. पण वाक्य निघून गेलं होतं.

एमिलने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह हळूहळू ओसरला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं, बारीक आणि सावध, जसा तो चेंडू येण्याआधी दिसायचा.

"हेल्मेट माझं होतं?" त्याने विचारलं.

काझने पॉलेटकडे पाहिलं.

"तू म्हणतोस ते तुझं होतं. साठ सालापासून म्हणतोयस. माझ्या बायकोच्या अंत्यविधीलाही म्हणालास." एमिलची नजर काझच्या हातावर आली, मिठाच्या बाटलीवर उभ्या असलेल्या दोन बोटांवर.  मग तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "काझ, तू माझ्या बेसवर काय करतोयस?"

टिब्सने हातातला घास बशीत ठेवला.

"तू बेसवर आहेस," एमिल म्हणाला. "मग मी कुठे गेलो होतो?"

पॉलेटने बापाचा हात धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि ते पाहून काझचं उरलंसुरलं धैर्य गेलं. तो तिच्याकडे वळला, टेबलावरून जवळजवळ ओणवा झाला.

"पॉले, ऐक. अगं, पाय आसपास होता ना? मॉर्गन आठवला त्याला. कोंबडी आठवली. आता हेल्मेटही आठवलं, आठवलं की नाही? अगदी बेसवर नसेल, पण आसपास होता. आमच्यात तेवढ्यावर आऊट देतात गं."

ती रडत रडतच बोलली, पण आवाज हलला नाही. "काका, पंच कानाडोळा करतो तो खेळाडूचे पाय वाचावेत म्हणून. बाबांनीच सांगितलं ना आत्ता? मी कानाडोळा केला तर बाबांचं काय वाचणार आहे? गॅस? गाडी? परवा ते नदीच्या कडेला उभे होते काका. बर्फात."

काझने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. त्याच्याजवळ उत्तर तयार नाही असं आयुष्यात झालं नव्हतं. गॅस काढून टाकता येतो, गाडीची किल्ली मी ठेवीन, रात्री मी झोपायला जाईन, सगळं ओठांवर होतं. त्याने एमिलकडे पाहिलं. एमिल त्याच्याकडेच बघत होता, शांतपणे, आणि त्या नजरेत विनवणी नव्हती. पाठमोरा चेंडू फेकणाऱ्या माणसाचा तो जुना विश्वास होता, की काझ जिथे असायला हवा तिथे असेल.

"तुझं बरोबर आहे, पॉलेट," काझ म्हणाला.

हॉलमध्ये वांडा नंबर पुकारत होती. टिब्सने चष्मा काढून पुसायला घेतला. एमिल मात्र खुर्चीत मागे रेलला आणि त्याच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला.

"ऐकलंत का सगळ्यांनी?" तो म्हणाला. "साक्षीदार आहात."

"ऐकलं," टिब्स म्हणाला.

"मग बसलायस काय डोंबेक? कॉफी आण."

काझ उठला. भिंतीशी ठेवलेल्या त्या मोठ्या भांड्यापाशी गेला, कप खाली धरला आणि तोटी दाबली. काही आलं नाही. वर उचलली, काही आलं नाही. मागे रांगेत माणसं जमायला लागली.  तेवढ्यात शेजारून एक हात आला.

"पुढे ओढायची असते, गाढवा," एमिल म्हणाला. त्याने काझच्या बोटांवर बोटं ठेवून तोटी ओढली, आणि कॉफी कपात पडायला लागली. "हेल्मेट माझंच होतं ना?"

"तुझंच होतं."

"माहीत होतं मला." कप भरला. एमिल तो बघत राहिला, जणू काहीतरी लक्षात ठेवायचा प्रयत्न करत होता. "नियम म्हणजे नियम हं काझ. पहिला सामना होईपर्यंत मला कॉफी तू आणून द्यायचीस. मी कुठेही असलो तरी."

"कोलंबस तीन तासांवर आहे, लेका."

"मग लवकर निघत जा. आणि नदीकाठचा रस्ता धरू नकोस. पुलावरून ये. तो जवळचा आहे."

काझच्या तोंडात उत्तर आलं, सवयीने, आणि ते त्याने गिळलं.

"पुलावरूनच येईन," तो म्हणाला, आणि दुसरा कप तोटीखाली धरला.